राहीबाईंच्या सहीची चूकदुरुस्ती

आकाराम थोरातांना गाणं कळत नव्हतं, आणि हे ते स्वतःच सांगत असल्यामुळे त्याबद्दल कुणाला शंका घेता येत नव्हती. रेडिओवर गाणं लागलं की ते चष्मा काढून पुसायला घेत आणि गाणं संपलं की पुन्हा घालत. गाणं लांबलं तर चष्मा फार स्वच्छ होई. तरीही १९६९ ते ७४ या पाच वर्षांत इस्लामपुरात, सांगलीत आणि पार कराडपर्यंत कुणाकडे एखाद्या गवयाची, तबलजीची किंवा नाटकातल्या गायक नटीची सही असली, तर ती खरी की खोटी हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. हा अधिकार त्यांना कुणी दिला नव्हता. लोकांनी आपला तो दिलेला आहे असं धरलं होतं.

पेशाने ते बाँड रायटर. रजिस्टर कचेरीच्या व्हरांड्यात डावीकडून दुसरी बैठक त्यांची. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र लिहायचे. अक्षर साधं होतं. कचेरीत किंमत होती ती त्यांच्या ओळखीला. दस्त नोंदवताना समोर उभा असलेला माणूस तोच आहे, असं सांगणारा साक्षीदार लागतो. तो लिहितो, 'लिहून देणार यांस मी व्यक्तिशः ओळखतो', आणि खाली सही करतो. व्हरांड्यातले इतर साक्षीदार कुणालाही एक चहा पिण्याइतक्या वेळात व्यक्तिशः ओळखू लागत. थोरातांचं तसं नव्हतं. त्यांचा चुलतभाऊ जोतिबा पलटणीतून बारा वर्षांनी आला, तो थेट कचेरीतच. थोरातांनी त्याला पाणी दिलं, मिठी मारली आणि ओळख द्यायला नकार दिला.

"तुला वळखतो रं," ते म्हणाले. "पर ही मिशी माझ्या वळखीची न्हाई. म्हातारीला घिऊन ये."

म्हातारी आली, तिने मिशीसकट पोरगा पसंत केला, मग सही झाली.

सह्यांचं प्रकरण एका साखर कारखान्याच्या स्नेहसंमेलनापासून सुरू झालं. तिथल्या दोन कारकुनांजवळ एकाच तबलजीच्या दोन सह्या होत्या आणि त्या एकमेकींना ओळख दाखवत नव्हत्या. योगायोगाने त्या तबलजीचं खरेदीखत आदल्याच वर्षी थोरातांनी लिहिलं होतं. माणूस पाहिलेला, सही समोर केलेली. त्यांनी एक खरी ठरवली, एक खोटी, आणि खऱ्या सहीखाली सवयीने लिहिलं, 'सही करणार यांस मी व्यक्तिशः ओळखतो.' त्या एका ओळीने गावाला वेड लावलं. सह्या जमवणाऱ्यांत मास्तर होते, कंपाउंडर होते, कारखान्याचे केमिस्ट होते. सगळे वह्या घेऊन व्हरांड्यात येऊ लागले. थोरातांनी नमुन्यांची एक वही केली. नाटकांच्या मॅनेजरांकडून जुनी पत्रं मिळवली, गवयांच्या शिष्यांकडून कागद आणले, एकेका कलावंताचे चार-पाच नमुने चिकटवले. पुढे कुणीतरी हौसेने त्यांना सांगलीहून गोल रबरी शिक्का करून आणून दिला: 'सही पडताळली. आ. गुं. थोरात, इस्लामपूर.' शिक्का आल्यावर व्यक्तिशः ओळखायचं वाक्य लिहायची गरज उरली नाही. ते वाक्य केव्हा सुटलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. थोरातांच्याही नाही.

राहीबाई नेर्लेकर वारल्या त्र्याहत्तरच्या मार्गशीर्षात. बैठकीची गाणी आणि नाट्यपदं गाणारी ही बाई तीस-चाळीस सालांत सातारा-सांगलीकडे एवढी गाजलेली, की तिच्या तीन तबकड्या घरात असणं हे सोयरिकीच्या बोलण्यात सांगितलं जाई. ती गेल्यावर तिच्या सह्या ट्रंकांतून बाहेर आल्या. थोरातांकडे पाच नमुने होते. पाचही एका वळणाचे: शेवटच्या 'र'चं शेपूट विळ्यासारखं मागं वळून सगळ्या नावाखालून गेलेलं. वर्षभरात त्यांनी एक्केचाळीस सह्यांवर शिक्का मारला.

त्यांपैकी एक होती माधवनगरच्या नानासोंची. नानासो मिलमध्ये विणकाम मास्तर, राहीबाई स्मृती समितीचे अध्यक्ष, आणि समितीही बहुतेक तेच. सही त्यांनी सागवानी फ्रेममध्ये बसवली होती. राहीबाईंच्या भाच्याकडून त्यांनी बाईंचा तंबोराही मिळवला, आणि पहिल्या पुण्यतिथीला सांगलीच्या नाट्यगृहात तो स्टेजवर ठेवायचं ठरवलं. इथवर ठीक होतं. पण भाषणाच्या भरात ते बोलून गेले की बाईंच्या मागे त्या काळी तंबोऱ्यावर बसणारी साथीदारीण हयात असेल तर तिला मानाने त्याच तंबोऱ्यावर बसवू. पंधरा दिवसांत अशा सात जणी हयात निघाल्या. एकीचं वय चौतीस होतं.

नानासोंनी नियम केला: बाईंच्या हातची सही आणा, आणि ती इस्लामपूरच्या थोरातांकडून पटवून आणा. सहा जणी परत आल्या नाहीत. दसऱ्यानंतर व्हरांड्यात आली ती सातवी.

साठीची बाई, अंगाने काटक, नऊवारी धुवट. नाव हरणाबाई, गाव कोरेगाव. पिशवीतून तिने एक घडी काढली, घडीतून रुमाल, रुमालातून शाळेच्या दुरेघी वहीचं एक पान. त्यावर पेन्सिलीने 'राहीबाई नेर्लेकर' एवढंच. अक्षरं बोराएवढी, एकमेकांपासून फटकून.

"अकरा वर्सं बसले मी बाईंच्या मागं," ती म्हणाली. "भावाच्या पोराच्या घरात असते. त्येची बायकू म्हणती, आत्याबाई थापा मारत्यात. मारू द्या म्हणाव. मला निस्तं एकदा त्या तंबोऱ्यावर बसायचंय. बाई न्हाईत, पर तंबोरा तर त्योच हाय न्हवं."

"फोटोबिटो हाय का, मावशी?"

"हाय एक, बाईंच्या भाच्याकडं. त्यात तंबोऱ्याच्या दांडीमागं अर्धं कपाळ दिसतंय बगा. ते माझं."

थोरातांनी भिंग काढलं. पाच नमुने उघडले. बघायला फार वेळ लागला नाही. शेपूट नाही, वळण नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरची रेघ आधी ओढलेली, अक्षरं मागाहून तिला टांगलेली. नाव लिहिणारा माणूस असं करत नाही. नक्कल करणारा करतो. त्यांनी पान परत दिलं.

"मावशी, ही बाईंची न्हाई."

तिने वाद घातला नाही. पान रुमालात, रुमाल घडीत, घडी पिशवीत ठेवली. उठताना म्हणाली, "बरं. एक इचारते रायटर, राग मानू नगा. तुमी बाईला कवा बघितलं हुतं?"

थोरातांनी शिक्का बाजूला सरकवला.

"न्हाई बघितलं," ते म्हणाले.

"तिला लिवाया येत नव्हतं," हरणाबाई म्हणाली. "माझा बाप पलटणीत. त्याची पत्रं वाचाया घरात कुणी न्हाई म्हणून मला तिसरीपत्तुर शाळंत घातली. बाई हितंच, ह्याच कचेरीत आलती घरजागा घ्याया. कारकुनानं हात धरून अंगठा शाईत बुडिवला. तिला लय लागलं ते. दुसऱ्या दिवशी म्हणाली, हरणे, मला माझं नाव शिकीव. मी म्हणलं, आदी रेघ वढा, तंबोऱ्याची तार वढल्यागत, मग एकेक अक्षर तिला टांगा. पाच वर्सं लागली तिला, कारण बसायची कवा तर गाडीत. ह्ये पान तवाचं. परत आली जागा इकाया, तवा तिनं सही केली. सायेब ताटकळलं, पर केली."

मग ती एसटी गाठायला गेली.

ज्या कपाटात अंगठ्यांची रजिस्टरं होती, ते थोरातांच्या बैठकीपासून भिंतीपलीकडे चार हातांवर होतं. गेली बावीस वर्षं ते त्याच भिंतीला टेकून बसत होते. दस्त मालक घेऊन जातो, पण अंगठा आणि त्याशेजारचं नाव कचेरीत राहतं, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. ते त्यांनीच शेकडो पक्षकारांना सांगितलं होतं. रेकॉर्ड कारकून म्हणाला, या आत, काढून बघा. थोरातांनी रीतसर शोधाचा अर्ज लिहिला, तिकीट लावलं आणि तीन दिवस नंबर लागायची वाट पाहिली.

सन १९३७: डाव्या अंगठ्याचा ठसा, आणि शेजारी सुंदर वळणात 'राहीबाई नेर्लेकर'. खाली बारीक अक्षरात, 'नाव लिहिणार धोंडिराम, व्यवस्थापक'. शेवटच्या 'र'चं शेपूट विळ्यासारखं नावाखालून गेलेलं.

सन १९४२: तसाच अंगठा. शेजारी बोराएवढी अक्षरं, आधी ओढलेल्या रेघेला टांगलेली. शेवटच्या अक्षराला जागा पुरली नव्हती म्हणून ते समासात गेलं होतं.

म्हणजे एक्केचाळीस सह्या एकाच हातच्या आहेत हा थोरातांचा निर्वाळा अचूक होता. फक्त तो हात व्यवस्थापकाचा होता.

त्या दिवशी जेवताना ते बोलेनात, तेव्हा त्यांच्या बायकोने, बनुबाईने कारण विचारलं. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हंजे बाई गायची आणि धोंडिबा सही करायचा. बरूबरच हाय की. दोन्ही कामं एकट्या बाईनं करायची व्हय?" आणि भाकरी वाढली.

दस्तात चूक झाली तर तिच्यासाठी चूकदुरुस्तीचा वेगळा दस्त असतो. थोरातांनी एक्केचाळीस कार्डं आणली आणि प्रत्येकावर एकच मजकूर लिहिला: आपणांकडील सही राहीबाई यांची नसून त्यांचे व्यवस्थापक धोंडिराम यांची आहे, पडताळणीत झालेली चूक माझी आहे. कुणाकुणाला शिक्का मारून दिला याची यादी त्यांच्याकडे होतीच. तीन उत्तरं आली. एकाने विचारलं, हे कार्ड कुणी खोडसाळपणे पाठवलं आहे काय. दुसऱ्याने कळवलं, आमची सही खरीच आहे, तिच्यावर आपला शिक्का आहे. तिसऱ्याने वही पाठवून दिली. पूर्वीचा शिक्का पुसट उठला होता, तो पुन्हा मारून द्यावा.

नानासोंनी उत्तर दिलं नाही. म्हणून थोरातच माधवनगरला गेले. मिल सुटायची वेळ होती. नानासोंनी त्यांना घरी नेऊन फ्रेमखालीच बसवलं.

"आकाराम, गड्या, तू म्हणतुयास ही खोटी."

"खोटी न्हाई. खरी हाय. धोंडिरामाची हाय."

"धोंडिरामाची सही सागवानात कोण बसीवतंय?" नानासो म्हणाले. "आन् आता तू म्हणतुयास ते तरी खरं कशावरनं? कार्डावर शिक्का कुठाय तुझा?"

"शिक्का मी आता मारत न्हाई."

"मग झालंच की."

थोरातांनी रजिस्टरची नक्कल पुढे केली. अंगठा, नाव, पाच वर्षांनी सही, सगळं. नानासोंनी ती दोनदा वाचली. सूत ओढून बघावं तसा कागद बोटांनी चाचपला. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो खरं तर थोरातांनी विचारायला हवा होता.

"बरं, त्या कोरेगावच्या बाईची सही खरी धरली. पर ती तिला जुन्या बाजारात घावली नसंल कशावरनं? सही खरी म्हंजे बाई खरी, असं हाय का? तू वळखतुयास तिला?"

"एकदा बघितलंय."

"जोतिबाला तर जल्मापासनं बघितलंवतंस, तरी थांबीवलंस. लिहून दी, व्यक्तिशः वळखतो. बसवतो तिला. न्हाईतर तंबोरा एकटा ऱ्हाईल स्टेजवर."

"आज न्हाई लिहिता येत."

"मग कवा येईल?"

थोरातांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "पुण्यतिथीला रविवार किती हायत?"

"सहा."

"बघतो," ते म्हणाले.

पुढचे सहा रविवार आकाराम थोरात कोरेगावला गेले. कराडला एक एसटी बदलायची, साताऱ्याला दुसरी, आणि संध्याकाळी तसंच परत. पहिल्या रविवारी त्यांनी हरणाबाईची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमच्या भिंगाची चूक काय न्हाई. बाईचं अक्षर हुतंच वंगाळ." दुसऱ्या रविवारी तिच्या भाचेसुनेने चहा दिला आणि हे कोण, असं आडून विचारलं. तिसऱ्या रविवारी इकडे बनुबाई म्हणाली, "कोरेगावला सोयरीक काढताय का काय? आपल्याला तर पोरगं न्हाई." चौथ्या रविवारी ती स्वतःच त्यांच्याबरोबर गेली आणि शेंगदाण्याची चटणी देऊन आली.

थोरात काही तपासत नव्हते. विचारायचे काय, तर शेत, गुडघे, भाचेसून. हरणाबाई कांदे निवडत बोलायची. विहिरीचं चाक कुरकुरलं की म्हणायची, "सकाळपासनं उतरलंय," आणि ती सुराबद्दल बोलत असली तरी थोरातांना तेल संपलं असं वाटायचं. पण एक गोष्ट त्यांनी दुसऱ्याच रविवारी पाहिली आणि नंतर दर रविवारी पाहिली. हात रिकामा झाला की तिच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालायची. मधलं बोट एकदा, मग पहिलं बोट तीनदा. पुन्हा मधलं एकदा, पहिलं तीनदा. भाचेसुनेला नावं ठेवताना तीच चाल, हसताना तीच. राहीबाई शेवटी कुणाला ओळखेनाशी झाली होती आणि आपल्याला ते उशिरा कळलं, हे सांगतानाही बोटं तशीच चालत राहिली. थोरातांनी घड्याळ लावलं. मिनिटाला जेवढे फेरे पहिल्या दिवशी, तेवढेच सहाव्या. तिला विचारलं, तर ती बोटांकडे बघून म्हणाली, "आगं बया. तंबोरा अजून चालूच हाय व्हय?"

हे थोरातांना ओळखता आलं, कारण यात गाणं नव्हतं. सह्या बघण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि ही सही दुसऱ्या कुणाला तिच्यासाठी करता येण्यासारखी नव्हती.

सहाव्या रविवारी परतताना ते इस्लामपूरला न उतरता पुढे माधवनगरला गेले आणि नानासोंच्या हातात कागद दिला. 'हरणाबाई, राहणार कोरेगाव, यांस मी व्यक्तिशः ओळखतो. राहीबाई नेर्लेकर यांस मी ओळखत नव्हतो. त्यांस हरणाबाई ओळखतात.' खाली सही, तारीख.

"शिक्का?" नानासो म्हणाले.

"न्हाई."

नानासोंनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "बसू दी तिला. पर फ्रेम स्टेजवर ऱ्हाणार. एवढं माझं ऐक."

थोरातांनी एवढं ऐकलं.

पुण्यतिथीला नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं. हरणाबाईबरोबर तिचा भाचा आला होता, त्याची बायको आली होती, आणि ती शेजारणीला सांगत होती की आमच्या आत्याबाई अकरा वर्षं साथीला होत्या, आम्हाला आधीपासून ठाऊक आहे. स्टेजवर मध्ये टेबलावर फ्रेम, तिला हार. मागे गालिच्यावर तंबोरा. गाणारी सांगलीची एक तरुण मुलगी.

हरणाबाई आली ती आधी फ्रेमसमोर थांबली. थोरात पहिल्या रांगेत होते, त्यांनी मान खाली घातली. नानासो तिच्या शेजारीच उभे होते, आणि घसा खाकरून काही सांगायच्या बेतात होते. तिने पदर सारखा करून सही वाचली, आणि ती हसली.

"आगं, धोंडिबा," ती म्हणाली. "काय देखणं अक्षर हुतं मेल्याचं. अकरा वर्सं आमची तिकिटं, मुक्काम, समदं त्योच बघायचा. बाईला ताप असला तरी सह्या थांबू द्यायचा न्हाई." मग नानासोंना म्हणाली, "त्याला बी बोलीवलं, लय चांगलं केलं तुमी."

नानासोंनी घसा पुन्हा एकदा खाकरला आणि सांगायचं ते राहून गेलं. फ्रेम त्यांच्या घरी अजून आहे. खाली पितळी पट्टी बसवली आहे: 'राहीबाई नेर्लेकर, हस्ते धोंडिराम.' पट्टी बसवताना त्यांनी थोरातांना मजकूर विचारला होता.

थोरातांनी रबरी शिक्का बनुबाईला दिला. ती काही दिवस त्याने पोळपाटावर कणकेचे गोळे दाबायची. सह्या पटवणारे लोक सांगलीच्या एका गृहस्थाकडे जाऊ लागले. त्याचा शिक्का मोठा होता आणि त्याला दोन रंग होते.

पण त्या संध्याकाळी हे सगळं व्हायचं होतं. हरणाबाईने तंबोरा मांडीवर घेतला, तिच्या कपाळाचा अर्धा भाग दांडीआड गेला, आणि तिने खुंट्या पिळायला सुरुवात केली. ती बराच वेळ पिळत राहिली. कुणी घाई केली नाही. मग मुलीने सूर लावला, गाणं सुरू झालं, आणि आकाराम थोरातांनी सवयीप्रमाणे चष्मा काढला. रुमालही काढला. एक काच पुसून झाली असेल, तोच त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, कारण मधलं बोट एकदा आणि पहिलं बोट तीनदा पडतंय की नाही, हे त्यांना इतक्या लांबून त्याशिवाय दिसत नव्हतं.